सुमंगलाबाईंचा भाचा

हळर्णच्या गोकुळदास परबांना आत्या आठवली ती तिचे चित्र वर्तमानपत्रात आल्यावर. पणजीच्या ज्या संग्रहालयाचे हिशेब मी पाहतो, तिथे नाट्यअभिनेत्री सुमंगला यांचे हस्तिदंतावरचे चित्र नुकतेच मांडले होते. रुपयाच्या नाण्याएवढे, पाहायला भिंग लागते.

आमचे गाव एकच, त्यामुळे या गृहस्थांना मी ओळखून आहे. आयुष्यभर एकच काम त्यांनी मन लावून केले, ते म्हणजे पहिल्या रांगेतली खुर्ची गाठणे. देवळात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, परक्याच्या लग्नातसुद्धा. आत्या नाटकात गेली तेव्हा त्यांच्या वडिलांनी तिला परब आडनाव लावायला बंदी केली. गोकुळदासांनी ती बंदी पुढे इमानाने चालवली. आत्या नुसती सुमंगला म्हणून गाजली. म्हातारपणी तिला सांभाळले सर्वणच्या शेवंतीबाईंनी, नाटक कंपनीत तिला साडी नेसवणाऱ्या. चित्रही त्यांनीच संग्रहालयाला दिले.

आता गोकुळदासांना चित्राखालच्या पाटीवर ‘हळर्णच्या परब घराण्यातील’ एवढे शब्द हवे होते. मुलाचे, सर्वेशचे, लग्न जमवायचे होते. घराण्याला तेवढीच झळाळी. संग्रहालयाच्या अधिकारी संजनाबाई म्हणाल्या, शेवंतीबाईंची हरकत नसेल तर लिहू.

ठरल्या दिवशी गोकुळदास कडक इस्त्रीत संग्रहालयात आले आणि आत्याने केलेले लाड सांगू लागले. समोर बसलेल्या शेवंतीबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

“गोकुळदासबाब, आते गेली तेवा सुतक धरललात?”

“धरूक नाय कसा? धा दीस.”

“चवथीच्या आदल्या दिसा गेली ती. तुमच्या घरात गणपती बसललो ना?”

सुतकात गणपती आणत नाहीत, हे आमच्या पेडणे तालुक्यात पोरांनाही ठाऊक. गोकुळदासांनी आधाराला माझ्याकडे पाहिले. त्या चवथीला त्यांच्या घरी, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून मी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाल्ल्या होत्या. तसे मी सांगितले.

सुतकात गणपती आणला म्हणावे, तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. गृहस्थांनी झटकन आत्या सोडली.

“तेवा आमी तिका आमची मानूकच नाय,” ते म्हणाले.

संजनाबाईंनी पेनाला टोपण लावले. पाटी होती तशीच राहिली: सुमंगला, आणि खाली चित्र देणाऱ्या शेवंतीबाईंचे नाव.

जाता जाता गोकुळदासांनी चित्राशेजारी उभे राहून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला आणि मला दाखवला. त्यांचा चेहरा एवढा मोठा आला होता की आत्या त्यात कुठेच नव्हती.