दिवसा लावलेलं दार

आमच्या घरात दिवसा पुढचं दार लावत नाहीत. पनवेलच्या कडेला नुसतं गाव होतं तेव्हाही लावत नव्हते. आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, आमच्या कौलांच्या जागीही मजले चढले, तरी लावत नाहीत. आळीत घरातलं बाईमाणूस गेलं, तर तिला शेवटची आंघोळ घालेपर्यंत तेवढं दार ओढून घेतात. हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. पन्नाशी ओलांडून प्रेमात पडलेल्या बाईच्या डोक्यात ते त्या दुपारी राहिलं नाही, इतकंच.

खाली मी, सासू, मुलगा, सून आणि नात. वर दीर, जाऊ, त्यांची मुलं, सुना. या घरात मला साधं रडायलाही जागा मिळाली नाही. नवरा गेला तेव्हा न्हाणीघरात नळ सोडून रडत होते, तर बाहेरून जाऊ म्हणाली, "टाकी रिकामी करू नको, मला भांडी घासायचीत."

ते मला कामोठ्यात भेटले, ट्यूशनच्या जिन्याखाली. मी नातीला घेऊन जायची, ते नातवाला. एस.टी.च्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते, बायको वारलेली. आयुष्यभर माइकवरून लोकांना गाड्या सांगितल्यामुळे हळू बोलणं त्यांना जमत नाही. "आज तुम्ही चाफा माळलाय" हे वाक्य त्यांनी असं म्हटलं की समोरच्या रिक्षावाल्यानंही माझा अंबाडा बघितला. बातमी घरी पोचायला आणखी काय लागतं? सुनेनं दुसऱ्या आठवड्यात नातीला व्हॅन लावली. "मम्मी, तुमच्या गुडघ्यांना त्रास नको." माझ्या गुडघ्यांची काळजी या घरात त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

फोनवर बोलावं, तर माझा फोन घरात सगळ्यांचा. नात त्यावर कार्टून बघते, सून त्यावरून भाजी मागवते, मुलगा स्वतःचा चार्जिंगला लावून माझा उचलतो. आणि नेमकं व्हॅन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "लग्न करून माझ्याकडे राहायला याल का?" मी म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या महिनाभर उगवला नाही. मला फक्त एक निवांत तास हवा होता, समोर बसून उत्तर द्यायला.

तो तास मला भाऊकीतल्या हळदीनं दिला. नवरदेव दिराच्या चुलतभावाचा मुलगा, घर चिरनेरच्या पुढे. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. विधवेला हळद लावायला कुणी पुढे बोलावत नाही, पण मागच्या अंगणात भाकऱ्या थापायला हक्कानं बोलावतात. या वेळी मी म्हटलं, गुडघे दुखतात. हे कारण सुनेनंच शोधलेलं होतं. म्हातारीला सांभाळायला कुणीतरी लागणारच होतं. घर भरून दोन गाड्या गेल्या आणि मी त्यांना फोन केला.

ते वेळेवर आले. चपला व्यवस्थित बाहेर काढून ठेवल्या. समोरच्या काकीचं लक्ष नको म्हणून मी दार लावलं. काय ती हुशारी.

चहा ठेवला तोच सासू काठी टेकत बाहेर आली.

"कोन आलाय?"

"डेपोतले साहेब," मी म्हटलं.

सासू त्यांच्यासमोर बसली आणि उरणची गाडी हल्ली उशिरा का येते ते विचारू लागली. तिला ऐकू कमी येतं, आणि आवाज त्यांच्याकडे आहेच. ते खुलासा देऊ लागले. माझा तास असा चालला होता. तरी एकदा ती पाणी प्यायला लागली तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मग?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर रडारड ऐकू आली.

काकीनं काय केलं होतं, ते मागाहून कळलं. दार लावलेलं म्हणजे म्हातारी गेली, आणि बाहेर पुरुषाच्या चपला म्हणजे डॉक्टर आलेत. आंघोळ चालू असताना दार वाजवायचं नसतं, म्हणून तिनं वाजवलं नाही. सरळ हळदीच्या घरी फोन लावला, "म्हातारी गेली." भाऊकीतलं सुतक. बँड थांबला, नवरदेव अर्ध्या हळदीत उठला, आणि आमची माणसं तशीच निघाली.

दीर दार ढकलून आत आला. कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळा, डोळ्यांतून पाणी. समोर त्याची आई बशीतून चहा पीत होती.

"लवकर आलंव?" सासूनं विचारलं. "जेवलंव नाय का?"

कुणाला धड आनंदही होईना. सगळ्यांची तोंडं एकदमच माझ्याकडे वळली.

जाऊ म्हणाली, "आमी तिथं हळदीत, आन ही इथं दार लावून बसली. पोराचं लगीन मोडलं असतं आज."

"वयनी, दादाची तरी लाज धरायची," दीर म्हणाला. भिंतीवर त्याच्या दादाचा फोटो होता. त्याचा हार मीच बदलते.

मुलगा माझ्याशी बोललाच नाही. त्यांना म्हणाला, "काका, निघा तुम्ही. परत इकडे दिसायचं नाही."

ते उठले. कप उचलून मोरीत ठेवला, या घरात कुठल्या पुरुषानं तसं केलेलं मी पाहिलं नव्हतं. मग त्या पिवळ्या गर्दीसमोर, फलाटावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी यांना एक विचारलंय. उत्तर घेऊन निघतो."

खरं तर मी आदल्या रात्री नाही म्हणायचं ठरवलं होतं. म्हातारी आहे, नात आहे, लोक काय म्हणतील. पण लोक समोरच उभे होते आणि म्हणून झालं होतं.

"हो," मी म्हटलं. "येते."

सून म्हणाली, "मम्मी, आणि घराचं काय?"

"घर आहे की. तुम्ही सगळे आहात."

सासूला इतकं मात्र स्वच्छ ऐकू आलं. "मंग मना गोल्या कोन देल?"

मी जावेकडे बघितलं. ती चेहऱ्यावरची हळद पदरानं पुसू लागली, फार मन लावून.

रजिस्टर लग्नाला आमच्या घरून कुणी आलं नाही. मुलगा अजून बोलत नाही, नातीला कामोठ्यात आमच्याकडे पाठवत नाहीत. भाऊकीत हळद असली की माझं नाव भाकऱ्यांनासुद्धा निघत नाही, त्याचं मला जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही.

इथे दुपारी आम्ही दार लावून घेतो. सुरुवातीला मी चहा पिता पिता उठायची आणि हळूच उघडून बघायची, बाहेर कुणी रडत उभं नाही ना. ते आतून विचारायचे, "कोण आहे?" सगळा मजला ऐकायचा.