उलथन्याचा एकच चटका

राजुरीला मामाची शेळी बिबट्यानं मारली तेव्हा मामी रडत पुढं धावली, तर मामा ओरडला, "हलवू नको तिला! पंचनामा व्हायचाय." पायाच्या ठशावर त्यानं घमेलं पालथं घातलं. वनखात्याचा गार्ड आला, ठसा मोजला, किती वाजता, कुठून आला, कोणी बघितलं ते विचारलं. "आवाज आयकला, बघितलं नाय," मामा म्हणाला. जेवढं माहीत तेवढंच.

आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं.

नारायणगावजवळच्या मुलींच्या एका बालगृहात मी वर्षभर काळजीवाहक होते. त्याआधी आंबेगावच्या डोंगराकडच्या गावांत संघटनेचं काम केलं. पत्रकं लिहायला तिथंच शिकले. माझा पहिला मसुदा वाचून तिथले ज्येष्ठ दादा म्हणाले होते, "लई मिळमिळीत. एका बाईचं रेशन अडलं म्हणून कोण येईल तहसीलवर? गावाचं अडलंय म्हण. कित्येक महिन्यांपासून म्हण." म्हटलं. माणसं आली, रेशन सुटलं. लिहायचं ते असंच, हे डोक्यात बसलं.

बालगृहात डिंभे धरणामागच्या वाडीतली बारा वर्षांची एक मुलगी होती. बोलायची कमी, पण नकला फक्कड करायची. अधीक्षक बाई किल्ल्या वाजवत कशा चालतात ते तिनं दाखवलं की मुली लोळायच्या. एका दुपारी मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ती येऊन नुसतीच उभी राहिली, ओढणीत हात लपवून. ओढणी बाजूला केली. कोपराच्या खाली लालभडक पट्टा, काठ सरळ, पट्टीनं आखल्यासारखे.

"काय झालं गं?"

"मावशीनं उलथनं लावलं." मावशी म्हणजे स्वयंपाकीण. "भाकर करपली म्हणून. मगाशी."

"याआधी कधी?"

"नाय. एकदाच." मग खाली बघत म्हणाली, "ताई, मला आता सैपाकघरात नका पाठवू. बाकी काय नको."

एवढंच मागत होती ती.

हात गार पाण्याखाली धरला, डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मलम दिलं, चिठ्ठीवर नुसतं 'भाजले' लिहिलं. परत आल्यावर घटना नोंदवही उघडली. तिच्यात चार रकाने होते: वेळ, जागा, कोणी पाहिलं, आणि मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत. ते रकाने बघून माझं डोकं फिरलं. लेकराचा हात भाजलाय आणि ह्यांना रकाने भरून हवेत! मी फुलस्केप घेतला आणि तीन पानं लिहिली. "या बालगृहात गेले कित्येक महिने निराधार लेकींना तापल्या उलथन्याचे चटके देण्याचं अमानुष सत्र सुरू आहे. हे स्वयंपाकघर नव्हे, छळछावणी आहे!" कित्येक महिने कुठून आले? रागातून आले. लेकी कुठल्या? दुसऱ्या एका मुलीच्या पायावर जुना डाग बघितला होता. तो कशाचा, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं: साक्षीदार.

अधीक्षक बाई म्हणाल्या, "अगं, पोरीनं सांगितलं तेवढंच लिही ना." मला वाटलं, बाईंना प्रकरण दाबायचंय. असेलही. पण त्या बोलल्या ते बरोबर होतं, आणि मी तीन पानं तशीच जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला पाठवून दिली.

आठ दिवसांनी चौकशीला दोघं आले. प्रार्थनेच्या हॉलमध्ये मुली ओळीनं बसवल्या. माझं पहिलं पान मोठ्यानं वाचलं आणि एकेकीला विचारलं, "कित्येक महिने चटके देतात का?" नाय. नाय. नाय. डागवाली म्हणाली, "ह्यो? ह्यो तर बापाच्या गाडीच्या सायलेन्सरचा हाय." कोणीतरी फिसकन हसलं.

मग ती. "तुला कित्येक महिने चटके देतात?"

तिनं माझ्याकडं बघितलं. खरं बोलायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.

"नाय."

"पोरगी तव्यावर पडली वो साहेब," मावशी म्हणाली. "मी तर हळद लावली वर."

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही."

"मग साक्षीदार कशाच्या?"

"पण हात बघा की तिचा!"

"भाजलाय, दिसतंय. तव्यानं का उलथन्यानं, ते या तीन पानांत कुठंय?"

कुठंच नव्हतं. करपलेली भाकरी नव्हती, वेळ नव्हती, तिचं एक वाक्य नव्हतं. हातावर खपली धरली होती, सरळ काठ पुसले होते. खिशात मोबाईल असून मी त्या दिवशी साधा फोटो काढला नव्हता.

शेरा आला: तक्रार अतिरंजित, तथ्य आढळले नाही. मी नोंदवहीत दुसरी नोंद केली, चारही रकाने भरून, बरोबर. बाईंनी ती वाचली. "आधी एक, आता दुसरं. तिसरं कधी?" समितीच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. प्रकरण बंद झालंय, एवढंच ऐकलं. दादांना फोन केला तर म्हणाले, "मोर्चा काढू!" मी फोन ठेवला. मोर्चात काय ओरडणार होते मी? एकदाच, एकदाच?

महिनाअखेरीस मला येऊ नका म्हणून सांगितलं. मुलींना मात्र स्वयंपाकघरात आळीपाळीनं जावंच लागायचं आणि त्यातून कोणाची सुटका नव्हती. निघताना दारात उभी राहिले. ती भाकरी थापत होती. मावशी चुलीपाशी, माझ्याकडं पाठ करून.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मी एकदाच म्हणले व्हते ना?"

"हो."

"मंग?"

तव्यावरची भाकरी उलटायला झाली. उलथनं शेजारीच पडलं होतं. तिनं बोटांनीच उलटली.