माप घ्यायचे पैसे

माझी आत्या शिवणकाम करते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तीस वर्षं भाड्याच्या खोलीत मशीन चालवून ती स्वतःचं घर घ्यायला निघाली, तेव्हा तिच्यापेक्षा माझेच पाय जमिनीवर ठरेनात. तिला घर आवडलं ते मागच्या छोट्या खोलीमुळे. तिथं खिडकीखाली मशीन कुठं बसेल, हे तिनं मालकाच्या देखत खडूनं फरशीवर आखलंसुद्धा. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं.

मग खरेदीचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी खर्चाचा कागद पुढे केला. घराची किंमत वेगळी. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, त्यांची फी आणि जुन्या कागदांचा शोध घ्यायचे पैसे. शेवटच्या ओळीवर आत्याचं बोट अडलं.

"हा शोध कसला?"

"घर खरंच मालकाचं आहे का, आणि आहे तेवढं सगळं कागदावर आहे का, ते कचेरीत जाऊन तपासायचं."

"म्हणजे माप घ्यायचं. त्याचे मी कुणाकडून पैसे घेत नाही हो. शिलाईतच येतं ते."

"आणि माप चुकलं तर?"

अंदाजानं कापलेल्या कापडाची भरपाई आत्यानं एकदा पदरच्या पैशानं केली होती. तिनं पैसे दिले आणि रस्ताभर माझं डोकं खाल्लं.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. मागची खोली कागदावर नव्हतीच. मालकानं ती परवानगीशिवाय बांधली होती, उद्या पाडावी लागली असती. आत्या तडक मालकाकडे गेली. "मशीनची जागा कागदावर येईपर्यंत माझी सही नाही. आणि तो खर्च तुमचा." त्यानं तोंड वाकडं केलं, पण दुसरं गिऱ्हाईक कुठं होतं? दोन महिन्यांत खोली रीतसर कागदावर आली.

मशीन बरोबर खडूच्या रेघांवर बसलं. मला रडूच आलं. आत्या म्हणाली, "फरशी ओली करू नकोस, आत्ताच पुसलीय."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून वकीलबाई कोट शिवायला आल्या. आत्यानं खांदे मोजले, बाह्या मोजल्या, वहीत लिहून घेतलं.

"शिलाई नंतर सांगते," ती म्हणाली. "माप घ्यायचे पैसे आत्ता द्या."

बाईंनी मुकाट्यानं पाकीट काढलं. आत्यानं नोट हातात धरली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"तीस वर्षं फुकट घेतलं गं माप," ती मला म्हणाली.