वैद्याचा हात

गॅरेजात त्याला सगळे वैद्य म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडे. गाडी कुठलीही येवो, हा बॉनेट उघडायचा, डोळे मिटायचा आणि इंजिनवर तळहात ठेवायचा. वरचा पाइप किती तापलाय, खालचा किती, पंप कुरकुरतोय का, सगळं त्या हाताला कळायचं. तीस वर्षांत आपलं निदान एकदाही चुकलं नाही, असं तो सांगे. चुकलं होतं, पाच-सहा वेळा तरी चुकलं होतं. पण ते तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण वैद्याची जीभ भलतीच तिखट होती.

शिकवायची त्याची एक रीत होती. तिला तो ‘दहा आकडे’ म्हणे. शिकाऊ माणसाचा अंदाज चुकला की वैद्य त्याचं मनगट धरून तळहात तापलेल्या इंजिनवर, थर्मोस्टॅटच्या धातूच्या झाकणावर दाबायचा आणि सावकाश दहापर्यंत मोजायचा. मग म्हणायचा, “आता जन्मात विसरणार नाहीस.” बाकीचे खो-खो हसत. न हसणाऱ्याचा पुढचा नंबर लागायचा, म्हणूनही हसत. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ नोकरी सुटल्यावर इथे काम शिकायला आला, तेव्हा आठव्याच दिवशी त्याने दहा आकडे भोगले. बहिणीने घरी त्याच्या हाताला मलम लावलं आणि नवऱ्याला अवाक्षर बोलली नाही. मेहुण्याच्या तळव्यावर एक चकचकीत डाग राहिला तो कायमचा.

पुढे मेहुणा चांगला तयार झाला. गाडीला जोडून दोष शोधणारं मशीन मालकाने आणलं, ते चालवायलाही तोच शिकला. वैद्य त्या मशीनला ‘खेळणं’ म्हणायचा.

आणि मग वैद्याचा हात गेला. साखरेचा आजार जुनाच होता. आधी बोटांना मुंग्या येत. त्यांनी तो वैतागायचा. एके दिवशी मुंग्याही यायच्या थांबल्या आणि तेव्हा तो घाबरला. गरम काय, गार काय, दोन्ही हातांना सगळं सारखंच लागायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली संवेदना परत येण्याची आशा फारशी नाही. वैद्याने हे कुणाला सांगितलं नाही. तो इंजिनवर हात ठेवायचा तो दाखवायला, आणि वास घेतल्यासारखं करून हळूच गाल पाइपाजवळ न्यायचा. गालाने त्याने वर्ष काढलं. हसू नका, पोटासाठी माणूस काय काय करतो!

बायकोला मात्र ते समजलं. एकदा बोलता बोलता त्याने चुलीवरचं कढत पातेलं नुसत्या हाताने उचललं, ओट्यावर ठेवलं आणि पुढे बोलत राहिला. ती किंचाळली. त्याने तिच्यापुढे हात जोडले. “तुझ्या भावाला कळू देऊ नकोस. एवढं एक माझं ऐक.”

तिने ‘बरं’ म्हटलं.

अशात मालकाने जाहीर केलं की पहिल्या तारखेपासून निदानाला एकच माणूस राहील आणि दुसरा मागच्या कोपऱ्यात पंक्चर काढेल. वैद्य कुठे आणि मेहुणा कुठे, ते मालक काम बघून ठरवणार होता. वैद्याला त्या रात्री जेवण गेलं नाही. पंक्चरच्या कोपऱ्यात आजवर ज्यांना पाठवलं, त्यांना पाठवणारा तोच होता.

दोन दिवसांनी शाळेतल्या एक बाई सकाळी आठला गाडी लावून गेल्या आणि दहाला परत आल्या. वैद्यही तेव्हाच पोचला. मालक खुर्ची टाकून बसला होता. चारपाच माणसं काम सोडून जमली होती.

“दोन दिवस झाले, तापमानाचा काटा वरच येत नाही,” बाई म्हणाल्या. “आधी निम्म्यावर असायचा. हीटर लावला तर गार हवा येते.”

वैद्य खुलला. “बाई, इंजिन थंड चालतंय. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याचं दार. इंजिन तापेपर्यंत ते बंद राहायला हवं. ते उघडं अडकलं की पाणी सारखं फिरत राहतं आणि इंजिन ऊबच धरत नाही.”

“दुसरं काही नसेल ना?”

“हात ठेवला की कळेल.” मग त्याने मेहुण्याला विचारलं, “पाणी बघितलंस का रे?”

“टाकी भरलेली आहे, भाऊजी,” मेहुण्याने बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीकडे बोट दाखवलं.

टाकी खरंच भरलेली होती. पण टाकीवर कधी विसंबू नये, गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघावं, हे त्या मेहुण्याला कुणी शिकवलं होतं? वैद्यानेच. आतलं पाणी कमी झालं की काट्याचा सेन्सर कोरडा पडतो. मग आत इंजिन उकळत असलं तरी काटा तळाला झोपून राहतो आणि हीटरही गार हवा फेकतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, इंजिन थंड आहे. मेहुण्याने गाडी निवल्यावर, साडेनऊला, ते झाकण उघडलं होतं. आत बोट घातलं, पाणी लागलं नाही. त्याने झाकण लावलं, दहाला दहा मिनिटं असताना इंजिन चालू केलं आणि वैद्य फाटकातून आत येताना दिसला तेव्हा बंद केलं. हे वैद्याला माहीत नव्हतं. एरवी त्याने नक्की विचारलं असतं. पण समोर मालक बसला होता, लोक जमले होते, आणि त्याला हात दाखवायची घाई झाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो सवयीने गाल खाली न्यायला लागला.

“वाकताय कशाला, भाऊजी?” मेहुणा म्हणाला. “हात ठेवा की. ठेवा थर्मोस्टॅटच्या झाकणावर.”

वैद्याने डोळे मिटले आणि तळहात ठेवला.

“कसं आहे?” मालकाने विचारलं.

“कोमट,” वैद्य म्हणाला. “सांगितलं ना, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.”

“एक,” मेहुणा म्हणाला. “दोन. तीन.”

कुणीतरी हसलं. चाराला वैद्याने डोळे उघडले आणि मेहुण्याच्या तोंडाकडे बघितलं. पाचाला त्याला सगळं उमगलं. हात उचलावा तर पंक्चरचा कोपरा, न उचलावा तर हात. त्या गाढवाने हात तसाच ठेवला.

“सहा.”

तेवढ्यात वास आला. “अहो, जळतोय हात! काढा, काढा!” म्हणत बाईंनीच त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. तळव्याची कातडी झाकणावर राहिली.

“सात झाले असते आता,” मेहुणा म्हणाला. मग त्याने फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण जरासं सैल केलं. वाफ फुसफुसून वर आली. “इंजिन थंड नाही, बाई. पाणी गळतंय, काटा खोटं बोलतोय. गळती शोधून देतो दुपारपर्यंत.”

बाई त्याचं काही ऐकत नव्हत्या. त्या पाणी मागत होत्या, वैद्याच्या हातासाठी.

मालक उठला. “वैद्य, दवाखान्यात जाऊन ये. पट्टी सुटली की पंक्चरचं बघ.” आणि जाता जाता म्हणाला, “तिथं ट्यूब बुडवायला पाणी गारच असतं.” सगळे हसले. जे तेव्हा हसले होते, तेच.

करावं तसं भरावं, असं लोक नंतर म्हणाले. म्हणणाऱ्याचं काय जातं? मला विचाराल तर त्या गॅरेजात एकाही माणसाला दया शिकवलेली नव्हती, आणि शिकवणारा वैद्यच होता. तरी त्या वासाचा विचार मनात आला की मला मेहुण्याचा राग येतो.

संध्याकाळी हाताला पट्टी बांधून वैद्य घरी आला. बायकोला आधीच कळलं होतं, भावाचा फोन येऊन गेला होता.

“तूच सांगितलंस ना त्याला?” वैद्याने विचारलं.

“हो,” ती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. “मला वाटलं, तो सांभाळून घेईल तुम्हाला. माझाच भाऊ आहे तो.”

“आणि माझा शिष्य,” वैद्य म्हणाला.

तिने पानं घेतली आणि त्याला भात कालवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीच्या दारात उभा राहिला. आतल्या बादलीत पाणी होतं.

“पाणी तापलंय का गं?”

“बघा की हात घालून,” ती स्वयंपाकघरातून, कामाच्या नादात, तीस वर्षांच्या सवयीने म्हणाली.

मग तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. ती बाहेर आली, त्याच्याकडे न बघता वाकली आणि बादलीत हात घातला.

“तापलंय,” ती म्हणाली.

“किती?”

तिला ते सांगता येईना. तो दारातच उभा राहिला.