मण्यारणीचा नंबर

खातूनभाभी मण्यार जुन्नरच्या. गेली एकतीस वर्षं त्या गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरतात. सकाळी जीपनं नारायणगावला यायचं, तिथून पेठ नाहीतर अवसरीकडं जाणारी दुसरी जीप धरायची आणि उतरल्यावर वाड्यावस्त्या पायी. नवरा अमजदभाई जुन्नरच्या बाजारातलं लहानसं दुकान सांभाळतात. बाहेरची फिरती भाभींची. कोणत्या घरची सून माहेरी गेलीय, कोणाचं बाळंतपण जवळ आलंय, कोणाच्या हाताला नेहमीची बांगडी आता सैल होते, हे त्यांना गावच्या आरोग्यसेविकेच्या, आशाताईच्या आधी कळतं. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. मराठी झकास बोलतात, वाचताना मात्र अडखळतात.

मी हर्षाली, अवसरी खुर्दची. समाजकार्याचं शिक्षण घेऊन पुण्यातल्या एका संस्थेत लागले आणि तीन वर्षांपूर्वी संस्थेनं मला माझ्याच तालुक्यात परत पाठवलं. काम असं, की बायकांच्या मनाच्या दुखण्यावर मोबाईलवरून मदत पोचवायची. आमच्याकडं एक ॲप होतं. त्यातले नऊ प्रश्न बाईला विचारायचे, उत्तरं भरायची आणि आकडा जास्त आला तर पुण्यातल्या डॉक्टरबाईंशी व्हिडिओवर गाठ घालून द्यायची. शिवाय एक नंबर होता. त्यावर मिस्ड कॉल दिला की आमची समुपदेशक उलट फोन करायची.

पहिल्या चार महिन्यांत अकरा गावांतून सतरा मिस्ड कॉल आले. त्यातले नऊ पुरुषांचे होते. हा नंबर माझ्या बायकोच्या फोनमध्ये कसा, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि प्रश्न विचारायला दारात गेलं की बायका उभ्याउभ्याच 'नाय', 'नाय', 'समदं बरं हाय' म्हणायच्या आणि चुलीवरच्या भाकरीकडं वळायच्या. मी राजीनाम्याचा मजकूर लिहून ठेवला होता. फक्त पाठवला नव्हता.

अशात एका दुपारी खातूनभाभी आमच्या घरी आईला बांगड्या भरायला आल्या. आईचा हात हातात घेऊन बसलेल्या असतानाच माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ताई, परवा तुमी वेशीजवळच्या घरात प्रश्न विचारत व्हत्या. मी ओट्यावरच व्हते."

"हो. त्या म्हणाल्या, सगळं बरं आहे."

"तुमी गेल्यावर ती माझ्यापाशी लई रडली. काय बोलली ते न्हाई सांगणार. पण बरं काय न्हाई तिचं."

मला राग आला, खरं सांगते. भाभींचा नाही, स्वतःचाच. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुमी फोनकडं बघून विचारता. मी हात धरून बसते. डझनभर बांगड्या भरायच्या म्हणजे अर्धा तास जातो, आणि तिथं पुरुषमाणूस थांबत न्हाई. अर्धा तास कोण धरतं हो बाईचा हात?" त्यांनी शेवटची बांगडी चढवली आणि पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, "मला शिकवा तुमचं ते."

संस्थेत नियम होता, गावातली कार्यकर्ती बारावी पास पाहिजे. आमचे समन्वयक साहेब फोनवर दोनदा म्हणाले, "बांगड्या विकणारी?" मी तीन महिने मागून घेतले. नाही जमलं तर मीच सोडून जाते, असंही म्हणाले. राजीनामा तसाही तयारच होता.

भाभी शिकायला बसल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. थोरली मुलगी अर्शिया झाली, त्या बाळंतपणानंतर त्या स्वतः आठ महिने भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. लेकरू रडलं तरी उठायची इच्छा होत नव्हती. बाहेरची बाधा म्हणून नाना उपाय झाले. मग हळूहळू आपोआप उतरलं.

"कुणी एकानं तरी विचारायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या, "की खातून, तुला आतून कसं वाटतंय? मी सांगितलं असतं. माझ्यापाशी उत्तर तयार व्हतं."

नऊ प्रश्न त्यांनी दोन दिवसांत तोंडपाठ केले आणि तिसऱ्या दिवशी बदलायला घेतले. 'निराश किंवा हताश वाटते का' याच्या जागी त्या विचारायच्या, "कशात जीव लागतो का गं?" डॉक्टरबाईंनी नऊच्या नऊ प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकले आणि म्हणाल्या, अर्थ बरोबर आहे, असंच विचारा. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मात्र आडून विचारायचा नाही, सरळ विचारायचा; विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बाईचं ओझं हलकं होतं, हे डॉक्टरबाईंनी त्यांना नीट समजावलं. आणि आमचा नंबर बायकांच्या फोनमध्ये 'बांगडीवाली' या नावानं भरायचा, ही युक्ती भाभींचीच. त्या नावावर कुठल्याच नवऱ्यानं कधी हरकत घेतली नाही.

तीन महिने संपायला आठ दिवस होते तेव्हा पेठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वस्तीवर ही गोष्ट घडली. तिथं भागू नावाची चोवीस वर्षांची सून होती, चार महिन्यांची बाळंतीण. नवरा द्राक्षांच्या गाड्या भरायला नारायणगावला गेलेला. घरी सासू साळुबाई आणि पाळण्यात मूल. भाभींनी बांगड्या काढल्या तशी भागू म्हणाली, "मला नकोत. माझ्या हातातल्याच काढून घ्या, नणंदेला द्या." तिच्या लग्नातल्या साड्याही तिनं कालच वाटून टाकल्या होत्या.

भाभींनी तिचा हात धरला. एकेक प्रश्न विचारत शेवटच्या प्रश्नाला आल्या. "भागू, मरून जावंसं वाटतं का?"

भागू म्हणाली, "आजच." इतक्या शांतपणे म्हणाली, की भाभींच्याच हातातली बांगडी निसटली.

त्यांनी पिशवीतून फोन काढला. वस्तीवर रेंज नव्हती. रेंज यायची ती वरच्या पाण्याच्या टाकीपाशी, दहा मिनिटांच्या चढावर. भागूला सोडून जाणं शक्य नव्हतं. त्यांनी साळुबाईंना हाक मारली. साळुबाईंनी आयुष्यात कधी फोन लावला नव्हता.

"बाई, टाकीपाशी जा," भाभी म्हणाल्या. "हे हिरवं बटण दोनदा दाबायचं. हर्षालीताई बोलंल. तिला सांगा, भागूपाशी मी बसलेय, गाडी घेऊन ये."

"काय झालंय तिला?"

"लई आजारी हाय ती. चार महिन्यांपास्नं आजारी हाय. आपल्या ध्यानात आलं न्हाई."

साळुबाईंनी सुनेकडं एकदा पाहिलं आणि पदर खोचून निघाल्या. माझा फोन वाजला तेव्हा आधी नुसती धाप ऐकू आली. मग आवाज आला, "मी पेठच्या वस्तीवरनं साळुबाई बोलते. माझी सून वाचली पायजे. या."

मला पोचायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ भाभी भागूला बांगड्या भरत होत्या. हिरव्या भरल्या, काढल्या, लाल भरल्या, परत काढल्या. "ह्या न्हाई शोभत, थांब," असं म्हणत त्यांनी तिचा हात एकदाही सोडला नाही. मी दारात उभी राहिले तेव्हा भागू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि साळुबाई नातू मांडीवर घेऊन तिच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या.

भागूला गाडीत बसवून टाकीपाशी नेलं आणि तिथून डॉक्टरबाईंशी व्हिडिओ लावला. त्यांनी लगेच दवाखान्यात न्यायला सांगितलं. भागू सहा दिवस तिथं राहिली. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला समुपदेशक फोनवर बोलू लागली. त्या फोनसाठी सुनेला टाकीपर्यंत घेऊन जायचं काम साळुबाईंनी स्वतःकडं घेतलं. त्या लांब दगडावर बसायच्या आणि भागूचं बोलणं होईपर्यंत कुणाला तिकडं फिरकू द्यायच्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात भागू पोराला बघून हसली, असं साळुबाईंनी मला फोन करून सांगितलं. आता त्यांना फोन लावता येत होता.

तीन महिने संपले तरी भाभींचं काम चालूच राहिलं आणि बोलणं पसरत गेलं. संस्थेनं दर शनिवारी मनाच्या दुखण्याबद्दल तीन मिनिटांचं एक रेकॉर्डिंग बायकांच्या फोनवर पाठवायचं ठरवलं. पुण्यात शुद्ध भाषेत एक नमुना तयार झाला. आम्ही तो आणि भाभींच्या आवाजातला असे दोन्ही पाठवून पाहिले. पुण्याचा बायकांनी अर्ध्यात बंद केला. भाभींचा शेवटपर्यंत ऐकला, वर कित्येकींनी पुन्हा लावला.

पाचव्या शनिवारच्या रेकॉर्डिंगमध्ये भागू बोलली. मी तिला म्हटलं, नाव बदलून घालू, कुणाला कळायला नको. ती म्हणाली, "माझंच नाव घाला. मी काय चोरी केली न्हाई." तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि 'आजच' हा शब्दही सांगितला. त्या दिवशी साठ मिस्ड कॉल आले. एक साळुबाईंच्या वयाच्या बाईचा होता, सुनेसाठी. दोन नवऱ्यांचे होते, पण या वेळी विचारत होते, बायकोला कुठं आणू?

ज्या विधवा बायका बांगड्या भरत नाहीत त्यांचं काय, असं साहेबांनी एका बैठकीत विचारलं. भाभी म्हणाल्या, "त्यांना बी सुई लागते, फणी लागते. मी त्यांच्यापाशी सगळ्यात जास्त वेळ बसते." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

गेल्या महिन्यात नारायणगावच्या एका सभागृहात तेवीस बायका प्रशिक्षणाला बसल्या होत्या. मण्यारणी, कासारणी, दोन सुईणी, एक पिठाच्या गिरणीवाली. कुणाच्याही अर्जावर बारावीची अट नव्हती. साहेबांनी ती स्वतःच खोडली होती. शिकवायला खातूनभाभी होत्या. पहिल्या रांगेत अमजदभाई बसले होते, दुकान बंद ठेवून. आपली बायको माईकवर बोलताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्या बोलत होत्या तोवर ते जागचे हलले नाहीत.

त्याच आठवड्यात नव्या बायका गावांत उतरल्या आणि पुढच्या सोमवारी एका दिवसात एकशे चौदा मिस्ड कॉल आले. आमच्या समुपदेशकांना दुपारपर्यंत पाणी प्यायला उसंत मिळाली नाही. मी भाभींना फोन केला, म्हटलं, आता आणखी दोन माणसं मागावी लागतील पुण्याला. त्या जीपमध्ये होत्या, मागून हॉर्न वाजत होते.

"मागा की," त्या म्हणाल्या. "दोन कशाला, चार मागा."