धुराड्याचं अंतर

गल्लीतली पोरं तिला धुकेबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. ती वेधशाळेत निरीक्षक होती. सकाळच्या पाळीला सहाच्या आत गच्चीवर उभं राहायचं आणि किती लांबचं दिसतं ते नोंदवहीत लिहायचं. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर एक तक्ता होता. शाळेचं छप्पर पाचशे मीटर, पुलाचा कठडा आठशे, कौलांच्या भट्टीचं धुराडं दोन हजार, पाण्याची टाकी तीन हजार. जे सर्वांत लांबचं दिसेल, त्याचा आकडा वहीत. टाकी दिसली तर तीन हजार, टाकी धुक्यात गेली आणि धुराडं दिसलं तर दोन हजार. एकवीस वर्षांत तिनं गच्चीवर जायला उशीर केला तो एकदाच, आणि तोही लेकीच्या जन्माच्या दिवशी.

सासूबाई म्हणायच्या, "लोक उठून देवाकडे बघतात, आमची सून टाकीकडे बघते."

सरकारनं नव्या विमानतळासाठी तीन जागा निवडल्या, त्यांत एक या गावाची निघाली, तेव्हा या वह्यांना एकदम भाव आला. जागा पारखणाऱ्या सरकारी समितीचा इंजिनीयर दोन दिवस वेधशाळेत बसून पानं चाळत होता. चहा पिता पिता त्यानं तिला समजावलं, "बाई, लोकांना वाटतं सपाट रान दिसलं की झाला विमानतळ. तसं नसतं. वारा कुठून वाहतो ते पाहावं लागतं, कारण धावपट्टी त्याच अंगानं आखायची. उतरण्याच्या वाटेत डोंगर नको. जवळ कचऱ्याचा डेपो नको, तिथं पक्षी जमतात. किती घरं उठवावी लागतील तेही बघायचं. आणि सगळं जमलं तरी धुकं आडवं येतं. पंधराशे मीटरच्या आतलं दिसणं म्हणजे सकाळची विमानं अडकली."

गेल्या पाच वर्षांच्या वह्यांप्रमाणे अशा सकाळी वर्षाला सरासरी नऊ. दुसऱ्या जागेच्या वाटेत डोंगर होता, तिसरीवर चार वस्त्या उठणार होत्या. समितीच्या कच्च्या अहवालात या गावाच्या नदीकाठच्या रानाला पहिला नंबर मिळाला.

तिचे धाकटे दीर गावकऱ्यांच्या विमानतळ कृती समितीचे प्रमुख. हार्डवेअरचं दुकान नोकरावर टाकून सहा वर्षं निवेदनं घेऊन फिरलेला माणूस. अहवाल कळला त्या दिवशी त्यांनी चौकात मिठाई वाटली आणि पहिला पुडा आणला तो तिच्याकडे. "वहिनी, तुमच्या नऊ सकाळींनी गाव तरलं बघा! आता आपली पोरगी शिकून बाहेर नाही जायची. नोकरी इथंच, दाराशी."

पोरगी म्हणजे तिचीच लेक, बारावीतली. ती लाजून आत पळाली.

मग तीन आठवड्यांनी स्वयंपाकघराची कौलं फुटली. तिची पाळी संपल्यावर नवरा स्कूटर घेऊन वेधशाळेशीच आला आणि दोघं तिथूनच भट्टीवर निघाली. नवरा बस डेपोत मेकॅनिक. कुठंही पोचला की किती किलोमीटर झाले ते स्कूटरच्या मीटरवर मोठ्यानं वाचायची त्याला सवय. भट्टीच्या फाटकात स्कूटर लावून तो म्हणाला, "एक पूर्णांक तीन."

"दोन," ती सहज म्हणाली. "इथपर्यंत दोन आहे."

"मीटर माझा की तुझा? परवाच दुरुस्त केलाय. एक पूर्णांक तीन."

ती धुराड्याकडे बघत उभी राहिली. रस्ता वळणावळणाचा. म्हणजे सरळ अंतर त्याहून कमीच असणार, जास्त कसं असेल?

भट्टीवाले काका कौलं निवडत होते. तिनं विचारलं तसे हसले. "जुनं धुराडं तिकडे होतं, ओढ्यापलीकडे. वीज पडून तडकलं तेव्हा पाडलं. हे नवं. पाच वर्षं झाली की. जुन्याच्या निम्मं आहे उंचीला."

पाच वर्षांपूर्वी ती सहा महिने प्रशिक्षणाला गेली होती. परत आली तेव्हा त्याच दिशेला तसंच लाल विटांचं धुराडं दिसत होतं. नवं ठेंगणं, पण अलीकडे. त्यामुळे गच्चीवरून जुन्याएवढंच दिसायचं. आणि दर जानेवारीत तक्त्याखाली सही करायची असते: 'अंतरं तपासली, बरोबर आहेत.' अंतरं चालून तपासायची असतात. ती तक्त्याकडे बघून सही करत आली होती. गावात राहणाऱ्याला गावातलं अंतर काय तपासायचं, असं वाटायचं तिला. बाकीचे दोघे निरीक्षक नंतर बदलून आलेले, तिच्या सहीवर विसंबून.

"कौलं किती सांगू?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

रविवारी दुपारी तिनं पाच वर्षांच्या वह्या टेबलावर काढल्या. भट्टीपर्यंतचं सरळ अंतर नकाशावर मोजून घेतलं होतं: बाराशे. म्हणजे ज्या ज्या सकाळी वहीत 'दोन हजार' लिहिलं होतं, त्या सकाळी खरं दिसत होतं बाराशे. पंधराशेच्या आत. तिनं पेन्सिलनं एकेक टिंब दिलं. एकशे नव्वद टिंबं झाली. वर्षाला अडतीस. त्यांत मूळच्या नऊ मिळवल्या की सत्तेचाळीस.

संध्याकाळी तिनं घरात सांगितलं. दीर नेमके आले होते, समिती पुढच्या सोमवारी अहवाल पक्का करणार म्हणून खुशीत होते. सगळं ऐकून ते उभेच राहिले.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! वहिनी, सहा वर्षं मी चपला झिजवल्या. आणि तुम्हाला आत्ता आठवण झाली धुराड्याची?"

"आत्ता कळलं, भाऊजी."

"मग कळलंच नाही असं समजा. कुणाला पडलंय? सही तुमची, चूकही तुमचीच निघणार. नोकरीवर गंडांतर आणाल."

"आणीन की. चूक केलीय तर येईलच."

"दादा, तू तरी सांग हिला!"

नवरा चष्मा पुसत होता. "मी काय सांगू? मीटर मीच वाचला."

तेव्हा सासूबाई कोपऱ्यातून बोलल्या. "मला एवढंच सांगा. उद्या त्या विमानात आपली पोरगी बसली, आणि चालवणाऱ्याच्या हातात हिच्या वहीचा आकडा असला, तर?"

"अगं आई, चालवणारा वही नाही बघत, त्याच्याकडे यंत्रं असतात!"

"मग बरं झालं. यंत्र लावलं की पहिल्याच थंडीत कळेल, आणि गाव म्हणेल, धुकेबाईनं फसवलं."

दीर चहा न घेता गेले. ते चहा न घेता गेले असं त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

तिनं सरकारी समितीला पत्र लिहिलं, एका पानाचं. सबबी घातल्या नाहीत. त्या सोमवारी ती समितीपुढे उभी राहिली आणि हातातल्या वह्या तिनं टेबलावर ठेवल्या. अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे तुम्हाला कुणी लक्षात आणून दिलं?"

"आमच्या स्कूटरनं."

कुणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाच वर्षं न तपासता सही केलीत."

"हो."

"आणि या टिंबांच्या तारखा?"

"सगळ्या लिहून आणल्यात. अंदाजाचा एकही आकडा नाही."

इंजिनीयरनं तारखांची यादी ओढून घेतली, नकाशा पसरला, आणि बराच वेळ नदीवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "भट्टी, पूल, सगळं नदीच्या खोलगटात. धुकं तिथं साचणारच. पण याच गावाचा वरचा माळ आहे, साठ मीटर उंच. तिथलं कुणी मोजलेलंच नाही."

निकाल असा लागला: अहवाल एक हिवाळा थांबवायचा. खाली नदीकाठी आणि वर माळावर, दोन्हीकडे पट्टीनं मोजून खांब रोवायचे आणि रोज सकाळी नोंद घ्यायची. तिला कार्यालयाकडून लेखी ताकीद मिळाली, आणि त्याच पाकिटात माळावरच्या नोंदींच्या कामाचा हुकूम. नवरा म्हणाला, "एका हातानं कान पिळला, दुसऱ्यानं काम दिलं. सरकारही आईसारखंच."

थंडी पडली. माळावर पांढरे-लाल खांब उभे राहिले, शेवटचा अडीच हजार मीटरवर. नदीकाठी दुसरा निरीक्षक. दोघं फोनवर एकमेकांना आकडे सांगत. चौथ्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला, माळाच्या चढावर मोटारसायकलचा आवाज आला. दीर होते. कानाला मफलर. दोन महिन्यांत ते घरी दोनदाच आले होते आणि बोलले होते ते फक्त आईशी.

"म्हटलं, बघावं तरी काय लिहिता ते," ते खांबांकडे बघत म्हणाले. "नऊच्या सत्तेचाळीस केल्यात, आता इथं काय शंभर करताय?"

"बघा की. या इथं उभे राहा."

खाली गाव नव्हतंच. नदीच्या जागी पांढरं दूध सांडल्यासारखं पसरलं होतं. फोन वाजला. नदीकाठचा निरीक्षक म्हणाला, "बाई, इथं सहाशे."

दीर डोळे बारीक करून माळाकडे बघत होते. "एक, दोन, तीन... वहिनी, शेवटचा खांब दिसतोय!"

"पुरता दिसतोय? लाल पट्टे मोजता येतात?"

ते दोन पावलं पुढे गेले.

"पुढे नाही जायचं भाऊजी. खुणेवरच उभं राहायचं."

ते मुकाट्यानं मागे आले. पुष्कळ वेळ बघत राहिले. खोटं बोलायला तिथं त्यांना अडवणारं कुणी नव्हतं.

"पट्टे नाही मोजता येत," ते शेवटी म्हणाले. "नुसती काठी दिसते. त्याच्या अलीकडच्याचे येतात. चार पट्टे."

"मग अलीकडचा लिहायचा. दोन हजार." तिनं वहीत लिहिलं. "खालच्यापेक्षा चौदाशेनं जास्त."

"म्हणजे जमलं?" त्यांच्या आवाजात जुना उत्साह डोकावला.

"एका सकाळीनं विमानतळ होत नाही. अजून सत्तर सकाळी बाकी आहेत."

"सत्तर!" त्यांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "तुम्ही एकट्या येता रोज एवढ्या चढावर? दादा कुठं असतो?"

"डेपोत. त्यांची पहिली पाळी."

ते मोटारसायकलचं सीट रुमालानं पुसत म्हणाले, "उद्या सव्वापाचला दारात हॉर्न देतो. तयार राहा. चहा मात्र घरी घेऊनच निघू."