हॉर्न वाजला का गूळ

घोडी घरी आणली तेव्हा ती हॉर्नले लय भ्यायची. आता सांगा, लग्नातली घोडी गाड्यांले भ्याली तर धंदा कसा व्हायचा? वरातीत पुढे डीजे, मागे जिपा. आमचे हे डोकं धरून बसले. मी म्हटलं, "माह्यावर सोडा."

अंगणात स्कूटी उभी केली. हॉर्न वाजवायचा, अन् लगेच गुळाचा खडा घोडीच्या तोंडात. पंधरा दिवसांत भीती पार गेली. हॉर्न वाजला का ती कान टवकारायची, आवाजाकडे वळायची अन् ओठ पुढे काढायची. आमच्या साखरखेर्ड्यात लोक म्हणत, "वहिनी, घोडी हाय का पोरगी?" मी फुगून जायची. आग लागो त्या हुशारीले!

पहिला इशारा यष्टीनं दिला. हे घोडीवर होते, मी मागे स्कूटीवर झूल घेऊन. बसचा हॉर्न आला अन् कडेनं चाललेली घोडी थांबली, उलटी वळली, सरळ बसकडे चालू लागली. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. खिडकीतून ओरडला, "काऊन हो भाऊ, मरायचं हाय का? जनावराले हॉर्नचा धाक पाह्यजे!"

"गूळ मागून राह्यली ते," हे म्हणाले, अन् आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मले आज बी लाज वाटते.

ही सवय मोडाले पाह्यजे, हे मले तवाच कळलं होतं. पण लग्नसराई होती, तिथीवर तिथी. उद्या पाहू, उद्या पाहू, असं करत महिना गेला.

लोणारच्या लग्नाले निघालो त्या दिवशी बी हे घोडीवर, मी मागे स्कूटीवर. रस्ता नवा, सिमेंटचा, गाड्या सुसाट. मी म्हटलं, "टेम्पोत चढवा ना तिले आज."

"तुह्या जिवाले लय घोर," म्हणत यांनी टाच मारली.

ऊन कलल्यावर आरशात टिपर दिसला, गिट्टीनं भरलेला. ड्रायव्हर शहाणा माणूस. घोडी पाहून त्यानं वेग कमी केला अन् दुरूनच हॉर्न दिला.

घोडी वळली.

"उतरा! उतरा हो!" मी बोंबलली. यांनी लगाम ओढला, पण ती कशाची ऐकते! रस्त्याच्या मधोमध टिपरकडे निघाली. भरलेली गाडी, थांबता थांबेना. हे बाजूच्या शेतात फेकल्या गेले, पाय मोडला, जीव वाचला. घोडी जागीच मेली.

टिपरवाला उतरून रस्त्यावर बसला. "वहिनी, देवाशपथ, म्या हॉर्न वाजवला होता. लय दुरून वाजवला होता."

"हाव भाऊ, वाजवला," मी म्हटलं. घोडीचे ओठ अजून पुढेच काढलेले होते.